मरणोत्तर प्रोबेशन

प्रोबेशन म्हणजे काय, हे बँकेतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्या पहिल्या सहा महिन्यांत आपण जितके सज्जन असतो, तितके पुढे निवृत्तीपर्यंत कधीच नसतो. परंतु असलं प्रोबेशन मेल्यानंतरही मिळावं की नाही, यावर एकेकाळी अमेरिकेत मोठं भांडण जुंपलं होतं आणि त्यात आपल्या नगरचा (आताच्या अहिल्यानगरचा) एक माणूस चांगलाच अडकला होता.

रॉबर्ट ॲलन ह्यूम त्याचं नाव. जन्म मुंबईचा, १८४७ सालचा. १८७४ पासून मुक्काम नगरला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये. साहेब रजेवर अमेरिकेत असताना १८८६ साली अँडोव्हरच्या धर्मविद्यालयातल्या समारंभात बोलायला उभे राहिले. प्रश्न असा होता की, ज्याच्या कानावर ख्रिस्ताचं नाव कधी पडलंच नाही, तो मेला तर त्याचं काय? सनातनी मंडळींचं उत्तर तयार होतं: मुदत संपली, खातं बंद. नव्या विचाराचे म्हणत, ज्याला नोटीसच पोचली नाही त्याच्यावर जप्ती कशी आणता? मेल्यावर का होईना, त्याला एक संधी मिळेल अशी आशा धरायला काय हरकत आहे? ह्यूमसाहेबांनी या आशेची बाजू घेतली आणि झालं! बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाने त्यांना परत पाठवायचंच थांबवलं. बोर्डाचा मुद्दा तसा हिशेबी होता. मेल्यावरही संधी असेल, तर खर्च करून इतक्या लांब मिशनरी पाठवायचे कशाला? बरीच वादावादी होऊन १८८७ साली साहेबांना एकदाचं कामावर रुजू होऊ दिलं.

मला या प्रकरणाचं अगत्य वाटतं ते घरगुती कारणाने. आम्ही कर्जत तालुक्यातल्या मिरजगावचे. आमच्याकडे पाऊस येतो तोसुद्धा पत्ता चुकल्यासारखा. पणजोबा ख्रिस्ती झाले. त्यांचे वडील मात्र त्याआधीच वारले होते. गावाने त्या म्हाताऱ्याला जन्मभर वेशीबाहेर ठेवलं. देवळाची पायरी नाही, विहिरीचं पाणी नाही. कडव्या हिशेबाने मेल्यावरही तो बाहेरच! दोन्हीकडचा पाटील एकच की काय, अशी शंका येते.

हे मी एकदा घरी आलेल्या एका प्रचारक पाहुण्यांना विचारलं. ते गंभीरपणे म्हणाले, "भाऊसाहेब, शास्त्रात सूट नाही." आजी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "दुष्काळात त्या म्हाताऱ्यानं आपली अर्धी भाकर मोडून लोकांला दिली म्हनं. देवानं त्याला वळखलं न्हाई, तर देवाचेच डोळे तपासाय पायजेत." पाहुण्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली.

माझं मत आजीकडे झुकतं. पण एक अडचण आहे. पणजोबांनी बाप्तिस्म्यासाठी भावकी सोडली, बोलणी खाल्ली. त्यांना आता कोणत्या तोंडाने सांगायचं की, "आजोबा, तसंही चाललं असतं"? सनातन्यांच्या म्हणण्यात एवढं तथ्य आहेच. ज्याची किंमत मोजली ती वस्तू फुकट वाटलेली कुणाला आवडत नाही.

नगरच्याच रेव्हरंड नारायण वामन टिळकांना ही अडचण कशी भासली नाही, याचं मला नवल वाटतं. १८९५ साली बाप्तिस्मा घेताना त्यांना गणगोत आणि काही वर्षं संसारही गमवावा लागला. तरी १९१७ साली त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांसाठी! वर मिशनचा पगार सोडला. पाण्यावर चालणं मी एक वेळ मानीन, पण चालू पगार सोडणं म्हणजे फार झालं! दरबार फार वाढण्याआधीच, १९१९ साली टिळक गेले.

त्यांची भजनं मात्र 'उपासनासंगीता'त आहेत. आमचे ते कडवे पाहुणे ती डोळे मिटून म्हणतात. सूरही छान लावतात, नाही कशाला म्हणा!