बिलावर नसलेलं वाक्य

गाडी दुरुस्त होऊन घरी आली आणि काही आठवड्यांत इंजिन गेलं, तर दोष कुणाचा? आपलं उत्तर ठरलेलं असतं: गॅरेजवाल्याचा. त्याचंही उत्तर ठरलेलं असतं: गाडी जुनी होती, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. हे दोन्ही मी इथे इंग्लंडमध्ये अनुभवलं. त्यातून जो प्रश्न उभा राहिला तो तुमच्यापुढे ठेवतो. तुम्ही दुबईत किंवा न्यू जर्सीत असाल तर तिथला कायदा वेगळा असेल, प्रश्न मात्र हाच राहील.

गाडी 11 वर्षांची. ओळखीच्या गॅरेजमध्ये टायमिंग बेल्ट बदलून घेतला. नऊ आठवड्यांनी मोटरवेवर मोठा खडखडाट झाला आणि इंजिन बंद पडलं. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वर-खाली होण्याची वेळ हा बेल्ट सांभाळतो. अनेक इंजिनांत तो निसटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. माझं तेच झालं होतं. गॅरेजवाला म्हणाला, "आमचा बेल्ट चांगलाच होता. वॉटर पंप गेला, म्हणून बेल्ट निसटला. पंपाला आम्ही हातही लावला नव्हता."

मी कायदा वाचायला बसलो. 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार कोणतंही काम 'वाजवी काळजी आणि कौशल्य' वापरून करणं व्यावसायिकावर बंधनकारक आहे. 'आम्ही जबाबदार नाही' अशी पाटी भिंतीवर लावून त्याला यातून सुटता येत नाही. काम नीट झालं नसेल तर ते फुकट पुन्हा करून मागता येतं. ते शक्य नसेल तर पैसे कमी करून घेता येतात, आणि त्या कामामुळे झालेलं नुकसानही मागता येतं. पण एक फरक लक्षात ठेवा. गॅरेजने बसवलेल्या भागात सहा महिन्यांच्या आत दोष दिसला, तर तो आधीपासूनच होता असं धरलं जातं आणि तसं नव्हतं हे गॅरेजला दाखवावं लागतं. कामातला हलगर्जीपणा मात्र ग्राहकालाच सिद्ध करावा लागतो. माझा पंप गॅरेजने बसवलेलाच नव्हता. म्हणजे पुरावा मलाच आणायचा होता.

तो आणायचा तर काही पथ्यं पाळावी लागतात. गाडी पुन्हा चालू करून बघू नका. त्रयस्थ इंजिनिअरने तपासण्याआधी कुणालाही इंजिन उघडू देऊ नका. काढलेले भाग फेकू देऊ नका. मग मागणी आणि मुदत लिहून गॅरेजला पत्र द्या. त्यातून भागलं नाही तर इंग्लंड आणि वेल्समध्ये 10,000 पाउंडांपर्यंतचा दावा वकिलाशिवाय स्मॉल क्लेम्समध्ये लावता येतो. त्याला साधारण सहा वर्षांची मुदत असते. कामाची किंमत 100 पाउंडांच्या वर असून पैसे क्रेडिट कार्डाने भरले असतील, तर कार्ड कंपनीकडेही दाद मागता येते.

मी हे सगळं केलं. इंजिनिअरचा अहवाल माझ्या बाजूने आला: पंपाचं बेअरिंग अडकलं, त्यामुळे बेल्ट निसटला. या इंजिनात बेल्टच पंप फिरवतो, म्हणून बेल्ट बदलताना पंपही बदलायची पद्धत आहे. ग्राहकाला तसं सुचवल्याची बिलावर काहीही नोंद नाही.

ते शेवटचं वाक्य वाचलं आणि मला तो फोन आठवला. गाडी गॅरेजमध्ये असताना दुपारी त्याने फोन केला होता. "पंपही बदलून टाकू का? 140 पाउंड जास्त होतील." मी विचारलं, "गळतोय का?" तो म्हणाला, "नाही." मी म्हणालो, "मग राहू दे."

त्याने हे कुठेही लिहून ठेवलं नव्हतं. आठवड्याला कितीतरी गाड्या हाताळणाऱ्या त्या माणसाला तो फोन आठवतही नव्हता. आठवत होता फक्त मला.

एका मित्राला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अरे, तू खोटं कुठे बोलतोयस? गप्प बसायचंय फक्त. नोंद ठेवणं त्याचं काम होतं. आणि आजवर या लोकांनी आपल्याला किती वेळा टोपी घातली, त्याचा हिशेब कोण करणार?" हे शेवटचं म्हणणं सहज झटकून टाकण्यासारखं नाही. परक्या देशात नवे असताना, उच्चारांवरून ओळखले जात असताना, आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे जास्तीचं बिल निमूटपणे भरलेलं आहे.

पण मी विचार करत राहिलो, की हा हक्क मला मुळात दिला आहे तो कशासाठी? बॉनेटखाली काय चाललंय ते गॅरेजवाल्याला कळतं, मला कळत नाही. तो जाणता आणि मी अजाण, म्हणून कायदा माझ्या बाजूला थोडं वजन टाकतो. पण त्या फोनपुरता मी जाणता होतो आणि तो अजाण. माझ्या अज्ञानासाठी मिळालेलं वजन मी त्याच्या विसरण्यावर टाकलं, तर त्याला हक्क कसं म्हणायचं? शिवाय त्याच कायद्यात, व्यावसायिक जे तोंडी बोलतो आणि ज्यावर विसंबून ग्राहक निर्णय घेतो, ते कराराचा भाग मानलं जातं. त्याचा बोललेला शब्द मला हवा तेव्हा मोजायचा आणि मी बोललेला तेवढा सोडून द्यायचा, हे मला पटेना.

मग माझा दावा संपला का? इथे आपल्यातले सज्जन लोक दुसरी चूक करतात. स्वतःची थोडी चूक दिसली की सगळाच हक्क सोडून देतात. त्याने मला किंमत सांगितली, धोका सांगितला नाही. '140 पाउंड वाचतील, पण पंप अडकला तर इंजिन जाईल' असं तो म्हणाला असता, तर मी नक्कीच हो म्हटलं असतं. डॉक्टरांच्या बाबतीत ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्येच माँटगोमेरी खटल्यात सांगितलं, की रुग्णाला महत्त्वाचे वाटतील असे धोके त्याला सांगितले पाहिजेत. गॅरेज म्हणजे इस्पितळ नव्हे, पण तत्त्व समजण्यासारखं आहे: परिणाम माहीत नसताना दिलेला नकार हा अर्धाच नकार असतो. शिवाय बेल्ट काढल्यावर पंप हाताने फिरवून बघायला किती वेळ लागतो? तो त्याने फिरवून पाहिला होता का, हे त्यालाही सांगता आलं नाही.

शेवटी मी पत्रात दोन्ही लिहिलं: तुम्ही पंपाबद्दल विचारलं होतं आणि मी नको म्हणालो होतो, पण त्याचे परिणाम तुम्ही सांगितले नव्हते. पत्र टाकताना वाटलं, की आपणच आपली बाजू बुडवतोय. चार दिवसांनी त्याचा फोन आला. "तुम्ही हे लिहिलं नसतं तर मला कळलंही नसतं," तो म्हणाला. बराच वेळ बोलणं झालं, त्यात आवाजही चढले. अखेर मजुरी त्याने सोडली आणि सुट्या भागांचे पैसे मी दिले. दाव्यात कदाचित मला याहून जास्त मिळालं असतं. मित्र अजून मला मूर्खातच काढतो, आणि 900 पाउंडांचं बिल भरताना मलाही क्षणभर तसंच वाटलं.

तुम्हाला वेगळं वाटत असेल तर मी वाद घालणार नाही. एवढंच करा: पुढच्या वेळी गॅरेजमधून फोन आला आणि तुम्ही 'राहू दे' म्हणणार असाल, तर आधी विचारा, 'नाही केलं तर काय होईल?' आणि त्याचं उत्तर बिलावर लिहून घ्या. माझ्या गॅरेजवाल्याच्या बिलावर आता त्यासाठी वेगळी ओळ आहे: काय सुचवलं, का सुचवलं, ग्राहक काय म्हणाला. मागच्या महिन्यात ब्रेक पॅडच्या वेळी त्या ओळीखाली मी सही केली. या वेळी 'हो' म्हणालो.