प्रतिनिधी की स्वामिनी

जोडीदार परदेशी असताना लहान मुलांना एकट्याने वाढवणाऱ्या व्यक्तीचे स्थान कोणते, हा प्रश्न वरवर व्यवहाराचा दिसत असला तरी मुळात तो अधिकाराचा, म्हणजे कोणते कर्म कोणी स्वतःचे म्हणून करावे याचा प्रश्न आहे. आणि भारतीय धर्मविचाराने त्याची एक बाजू फार बारकाईने तपासली, तर दुसरीकडे जवळजवळ पाहिलेच नाही. पती प्रवासाला गेलेल्या स्त्रीला, म्हणजे प्रोषितभर्तृकेला, शास्त्रात आणि काव्यशास्त्रात दोन्हीकडे जागा आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायानुसार कामानिमित्त बाहेर जाणाऱ्या पुरुषाने पत्नीच्या चरितार्थाची सोय करून मगच निघावे, आणि तो धर्मकार्यासाठी गेला असल्यास तिने आठ वर्षे, विद्या वा कीर्तीसाठी गेला असल्यास सहा वर्षे व विषयोपभोगासाठी गेला असल्यास तीन वर्षे वाट पाहावी. याज्ञवल्क्यस्मृती तिला खेळ, शृंगार, उत्सवांतील उपस्थिती, हास्य आणि परगृही जाणे वर्ज्य करते. यांपैकी एकाही नियमात मूल नाही. जिला दोन लहान मुले आहेत तिने हास्य वर्ज्य करायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे स्मृतिकाराला सुचलेले दिसत नाही. कौटिल्य अपत्याची दखल घेतो, पण तीही हिशेबापुरती: अपत्य असलेल्या स्त्रीने प्रतीक्षेचा काळ एका वर्षाने वाढवावा.

या साऱ्या विचारात मागे राहिलेल्या व्यक्तीचे मुख्य कर्म प्रतीक्षा हे आहे, आणि दोष तिथेच आहे, कारण लहान मुलांचे घर प्रतीक्षेवर चालत नाही. याचे उदाहरण एकाच गावाच्या दोन काळांत दिसते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यातील खर्डा इतिहासाला माहीत आहे ते मार्च १७९५मध्ये मराठे आणि निजाम यांच्यात झालेल्या लढाईमुळे. त्या मोहिमेतील सरदारांची, छावण्यांची आणि तहाच्या कलमांची माहिती ग्रंथांतून भरपूर मिळते, मात्र दसऱ्याच्या सीमोल्लंघनापासून पावसाळ्यापर्यंत मुलुखगिरीवर राहणाऱ्या शिपायांची घरे त्या काळात कोणी कशी चालवली, हे त्या ग्रंथांत क्वचितच येते. आज याच भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवराबायकोची जोडी, जिला या धंद्यात ‘कोयता’ म्हणतात, कारखान्याच्या हद्दीतील फडावर जाते आणि पुष्कळ घरांत मुले आजीपाशी राहतात. हे स्थलांतर परदेशाइतके दूरचे नाही आणि येथे आईबाप दोघेही दूर असतात, पण प्रश्न तोच उरतो. रात्री ताप चढलेल्या नातवाला जामखेडला न्यायचे की सकाळपर्यंत थांबायचे, हे ठरवताना आजी फडावर फोन लावते खरी. मात्र फोन लागेपर्यंत ती हातावर हात ठेवून बसत नाही. त्या वेळी ती कोणाच्या अधिकाराने वागते?

या प्रश्नाला उपयोगी पडणारा विचार अनपेक्षित ठिकाणी, पूर्वमीमांसेत सापडतो. वेदवाक्यांचा अर्थ लावून कर्माचे नियम निश्चित करणाऱ्या या दर्शनात प्रतिनिधीची, म्हणजे मूळ वस्तूच्या जागी घ्यावयाच्या पर्यायाची, सविस्तर चर्चा आहे. व्रीही, म्हणजे भात, न मिळाल्यास नीवार हे रानधान्य चालते, सोम न मिळाल्यास पूतिका चालते. परंतु कर्माचा जो स्वामी, म्हणजे ज्याचे ते कर्म आहे आणि ज्याला त्याचे फळ मिळायचे आहे तो यजमान, त्याच्या जागी सामान्यतः प्रतिनिधी चालत नाही, असा मीमांसासूत्रकार जैमिनीच्या सहाव्या अध्यायाचा निर्णय आहे. त्याच अध्यायात, यज्ञाचा अधिकार केवळ पुरुषाचा हे ऐतिशायनाचे मत बाजूला सारून, बादरायण या आचार्याच्या मताच्या आधारे स्त्रीचाही अधिकार मान्य केला आहे आणि पतिपत्नी मिळून एकाच कर्माचे स्वामी ठरवले आहेत. पुढे मंत्रांच्या बाबतीत पत्नीचा वाटा आखडता घेतला आहे, हेही नमूद केले पाहिजे. गृह्यसूत्रे याच दिशेने जातात: घरचा अग्नी यजमानाने स्वतः किंवा पत्नी, पुत्र, कन्या वा शिष्य यांनी सांभाळावा, असे आश्वलायन सांगतो, तर सकाळसंध्याकाळची आहुती पत्नीने देण्यास गोभिलाची स्पष्ट मुभा आहे. (आजीला या यादीत जागा नाही, सूत्रकारांना कोयत्याची घरे माहीत नव्हती.)

हे दोन निर्णय संगोपनाला लावले तर निष्कर्ष दुधारी निघतो. घरी राहिलेली आई ही दूर असलेल्या बापाची प्रतिनिधी नव्हे. ती सहस्वामिनी आहे, म्हणून तिने घेतलेला निर्णय बापाच्या संमतीची वाट पाहत अपुरा राहत नाही. पण याच न्यायाने बापाचा वाटा तिच्या हातून पुरा होत नाही. त्याने पाठवलेला पैसा चरितार्थाच्या जागी बसतो, आणि तो लहान गोष्ट नव्हे. स्वामीच्या जागी मात्र तो बसत नाही, कारण पर्याय द्रव्याला असतो, यजमानाला नसतो. पत्नी परदेशी आणि पती घरी असेल तरी युक्तिवाद बदलत नाही.

महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासात या प्रश्नाचे सर्वांत कठोर उदाहरण रमाबाई आंबेडकरांचे आहे. १९१३मध्ये बाबासाहेब बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठाकडे निघाले, तेव्हा सासरे रामजी सकपाळ यांना जाऊन काहीच महिने झाले होते आणि थोरला मुलगा यशवंत वर्षाचाही नव्हता; बाबासाहेब परतले ऑगस्ट १९१७मध्ये, आणि १९२०पासून १९२३पर्यंत पुन्हा लंडनच्या अभ्यासासाठी दूर राहिले. दांपत्याच्या पाच अपत्यांपैकी चार बालपणीच गेली. परळच्या चाळीत जाऊ लक्ष्मीबाईंच्या सोबतीने ओढलेल्या त्या संसाराला प्रतीक्षा म्हणणे चुकीचेच नव्हे, अन्यायाचे होईल. येथे मीमांसेच्या युक्तिवादाची मर्यादाही उघड होते, कारण ज्या ग्रंथांनी पत्नीला सहस्वामिनी ठरवले त्यांनीच रमाबाईंच्या समाजाला कर्माच्या अधिकारातून वगळले. रमाबाईंची पंढरपूरला जाण्याची इच्छा होती आणि तेथे बाहेरूनच हात जोडावे लागणार म्हणून बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. तरीही युक्तिवाद हा ग्रंथकाराच्या मालकीचा नसतो. तो जिथे लागू पडतो तिथे लावता येतो. १९३५मध्ये रमाबाईंचे निधन झाल्यानंतर बाबासाहेबांनी पाकिस्तानविषयीचा ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला आणि अर्पणपत्रिकेत त्यांच्या धैर्याचा व आपल्यासोबत सोसण्याच्या तयारीचा उल्लेख केला. सोबत सोसणे हे सहस्वामित्वच आहे, प्रतिनिधित्व नव्हे.

प्रवासाहून परतलेल्या पित्यासाठी आश्वलायनाने एक छोटा विधी सांगितला आहे: त्याने मुलाचे मस्तक हातांत धरावे, हे मूल आपल्याच अंगापासून झाले आहे अशा आशयाचा मंत्र म्हणावा आणि मस्तकाचे अवघ्राण करावे, म्हणजे ते हुंगावे. मुलगी असल्यास एवढेच सारे मंत्राविना करायचे, हा त्या काळाचा पक्षपात. तरीही दुराव्याने पितृत्व झिजते आणि ते परतल्यावर कृतीने पुन्हा प्रस्थापित करावे लागते, नुसत्या जन्मसंबंधावर ते तगून राहत नाही, असा या विधीचा अर्थ लावता येतो. मधल्या काळात त्या मुलाला ज्या आईने वाढवले तिच्यासाठी या विधीत एकही शब्द नाही, आणि मीमांसेच्या न्यायाने पाहिले तर तो असण्याची गरजही नाही, कारण तिचा अधिकार मध्यंतरी खंडित झालेलाच नव्हता. तिने लावलेली शिस्त आल्या दिवशी मोडून घर पुन्हा आपल्या ताब्यात घेऊ पाहणाऱ्या पित्याला या विधीत कसलाही आधार नाही.