आधी भार उतरव

नागावच्या वाडीत पुतण्या सुट्टीवर आला तो तोंड पाडूनच. परदेशात हेलिकॉप्टर चालवायला शिकत होता आणि चाचणीत नापास झाला होता. काका नौदलातले निवृत्त हेलिकॉप्टर वैमानिक. नोकरीची बरीच वर्षं शिकवण्यात गेलेली. जेवणं झाल्यावर पडवीत त्यांनी विषय काढला.

"काय चुकलं रे?"

"हॉर्न वाजला. मशीन खाली बसायला लागलं, म्हणून मी कलेक्टिव्ह वर ओढला."

"आणि मूठ?"

"मूठ? घट्ट धरली होती."

"मग एक नाही, दोन चुका झाल्या," काका म्हणाले.

डाव्या हातातला दांडा म्हणजे कलेक्टिव्ह. तो वर घेतला की सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि हेलिकॉप्टर चढतं. दांड्याच्या टोकाची मूठ म्हणजे थ्रॉटल. पुतण्या शिकत होता त्या रॉबिन्सन आर-२२ ची पाती १०४ टक्के वेगाने, म्हणजे मिनिटाला सुमारे ५३० फेरे घेत फिरतात. वेग ९७ टक्क्यांवर आला की हॉर्न वाजतो. वेग सांभाळायला गव्हर्नर असतो, तो थ्रॉटल आपोआप फिरवतो; पण घाबरलेल्या माणसाने मूठ आवळून धरली तर त्याचंही काही चालत नाही.

"वेग दहा टक्क्यांनी घटला तर त्याच कोनात पात्यांची उचल १९ टक्क्यांनी घटते," काका सांगू लागले. "मशीन खाली जातंय म्हणून तू कोन वाढवलास. कोन वाढला की हवेचा अडसर वाढतो, वेग आणखी घटतो. तू पुन्हा ओढणार. असं करत एका क्षणी पाती हवा धरायचंच सोडतात. मग वरचा देवही सोडवायला येत नाही."

"मग जमीन जवळ येताना दांडा खाली करायचा? हात धजत नाही, काका."

"कोणाचाच धजत नाही, म्हणून तर शिकवावं लागतं. कार्ले खिंडीच्या चढाला मागे दोघं बसवून तिसऱ्या गिअरमध्ये गेलास, तर नुसता अॅक्सिलरेटर पिळून गाडी ओढते का? गिअर उतरवावाच लागतो. इथेही तेच. थ्रॉटल उघडायचं आणि कलेक्टिव्ह खाली, दोन्ही एकदम. थोडी उंची जाते, पण वेग परत येतो. आणि वेग असला की उंची पुन्हा कमावता येते."

"आणि खाली जायला उंचीच नसली तर?"

"तर भार निघण्याआधीच ठरवायचा. १७ जून २०२१ ला इथे रेवदंड्याच्या समुद्रात 'मंगलम' बार्ज बुडायला लागलं होतं. तटरक्षक दलाचं जहाज आणि चेतक हेलिकॉप्टरं गेली, १६ जण वाचले. अशा वेळी हेलिकॉप्टरला पाण्याच्या जरा वर, हवेत एका जागी तरंगत राहायचं असतं, खर्चायला उंची नसते. म्हणून इंधन किती घ्यायचं, एका खेपेला माणसं किती उचलायची, हा हिशेब आधी करतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याचे वडील बँकेचे कागद घेऊन ओटीवर बसले होते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या. नवी पोफळ धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात, म्हणून त्यांनी कर्ज काढून पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या. हप्ते थकायला लागले तेव्हा एसीसाठी दुसरं कर्ज घेतलं, मग गाडीसाठी तिसरं. आता चौथ्याचा अर्ज भरत होते.

"आणखी दोन खोल्या झाल्या की सगळं वर येईल," ते भावाला म्हणाले.

काकांनी पुतण्याकडे नुसतं पाहिलं. मुलगा जरा अडखळला, मग म्हणाला, "बाबा, मी हेच करून नापास झालो." आणि रात्रीचं सगळं त्याने वडिलांना समजावून सांगितलं.

"गाडी विकली तर गावात काय तोंड दाखवू?" वडिलांनी विचारलं.

"दादा, थोडी उंची जाणारच," काका म्हणाले. "पण आज ती तुझ्या हातात आहे म्हणून तू ती खर्चू शकतोस. वर्षाने जप्ती आली तर तेवढीही उरणार नाही."

आठवडाभर घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. शेवटी गाडी विकली गेली, त्या पैशांत गाडीचं कर्ज फिटलं. दोन खोल्या वर्षाच्या भाड्याने दिल्या, दोन पर्यटकांसाठी ठेवल्या. चौथा अर्ज बँकेत गेलाच नाही. थाट कमी झाला, पण हप्ते वेळेवर जाऊ लागले. पुतण्या परत गेला. पुढच्या चाचणीत हॉर्न वाजताच त्याने मूठ सैल केली, थ्रॉटल उघडत दांडा खाली घेतला आणि पास झाला.

तात्पर्य: ताकद कमी पडू लागली की आधी भार उतरवावा, उंचीचं मागून पाहता येतं. आणि तोही इशारा मिळताच उतरवावा. कारण खाली येण्यासाठीसुद्धा हाताशी थोडी उंची लागते.