रातची भाकरी

वडूजच्या भागात कुणालाही विचारा, रात्री जेवता कधी? घड्याळातला आकडा क्वचितच सांगतील. "डेअरीला दूध घालून आलं की", "दिवं लागलं की", "पोरगं गाडीतनं उतरलं की", नाहीतर "आता काय, लाईट यायच्या आत." घरोघरची वेळ निराळी, आणि ती ठरवणारं काम किंवा माणूस बहुतेक वेळा घराबाहेर असतं.

यातलं लाईटचं उत्तर नव्या जमान्याचं. शेतीपंपाची वीज एक आठवडा दिवसा, तर दुसरा आठवडा रात्री, असा फेरा. रात्रपाळी लागली की कारभारी दिवस असतानाच चार घास पोटात ढकलतो, नाहीतर फडक्यात दोन भाकरी, वर खरडा आणि कांदा बांधून बॅटरी घेऊन मळ्यात जातो. मग दारं धरता धरता सवड मिळेल तेव्हा बांधावरच पंगत, एकट्याची. सह्याद्रीनं अडवलेल्या पावसाचा हा खटाव तालुका. येरळा नदीचं पात्र वर्षातले बरेच महिने कोरडं. विहिरीला पाणी आणि तारेत वीज एकाच वेळी असेल, तर जेवणानं थांबायचं असतं. त्याचा राग कुणाला येत नाही. राग येतो तो अर्ध्या वाफ्यात लाईट गेल्याचा.

ताटात भाकरी असणार हे धरलेलंच. चौकशी होते ती कोरड्यास काय केलंय याची. भाकरी हिवाळ्यात बाजरीची, एरवी शाळूची. आता चपाती, भातही रोजचे झालेत, तरी पाहुण्याला म्हणतात "भाकरी खाऊन जावा". १९७२ च्या दुष्काळात शाळूच पिकला नाही, तेव्हा परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीवर दिवस काढले. ते सांगताना म्हाताऱ्यांचं तोंड अजून वाकडं होतं.

जेवत्या माणसानं दारावरून जाणाऱ्याला "या जेवायला" म्हणायचं आणि जाणाऱ्यानं "होऊ द्या सावकाश" म्हणत पुढं व्हायचं, हा इथला रोजचा रिवाज. शहरातून आलेल्याला हे तोंडदेखलं वाटतं. मला तसं वाटत नाही. बोलावणं खरंच असतं, फक्त ते धरून बसायचं नसतं. ते पक्कं कधी झालं हे ओळखायची खूण सोपी: हात धुवायला तांब्या पुढं आला की बसायचं. मग नाही म्हणणं म्हणजे घरातल्या बाईचा अपमान. "वाईच दोन घास" म्हणत ती दोन भाकरी वाढते, आणि तिसरी हातात तयार असते.

या वाढण्याला इथं एक जुना इतिहास आहे. ९ सप्टेंबर १९४२ ला इंग्रज राजवटीविरुद्ध वडूजच्या कचेरीवर गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला. परशुराम घार्गे यांच्यासह कितीतरी जण पडले. पुढं क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात सातारा जिल्ह्यातले भूमिगत कार्यकर्ते रात्री-अपरात्री गावं बदलत फिरले. त्यांना गावांनी लपवलं आणि जेवू घातलं. सभा, पत्री ठोकण्याची शिक्षा, न्यायदान यांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. पण चूल विझल्यावर आलेल्या चार अनोळखी माणसांसाठी पुन्हा पीठ मळायला बसलेल्या बाया त्या लिखाणात फारशा भेटत नाहीत. जेवलासा का, एवढं विचारायचं. नाव-गाव माहीत नसलेलंच बरं, उद्या पोलीस आले तर सांगायला काही नको. माझ्या मते त्या चळवळीचा निम्मा भार भाकरीच्या टोपल्यानं उचलला.

आजही पुष्कळ घरांत रात्री मोजून भाकरी करत नाहीत. एक-दोन जास्तीच्या पडतात. शेवटच्या एस्टीनं कुणी आलं तर त्याला, मळ्यातून परतलेल्याला उशिरा पुन्हा भूक लागली तर त्याला. कुणी नाहीच आलं, तर सकाळी कांदा-मिरची घालून त्याच भाकरीचा कुस्करा परततात, आणि त्यासाठी पोरं भांडतात.