मनूच्या नावेबाहेरचे मासे

आमच्या बजाजनगरात पाया खोदला की काळा कातळ लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचे अश्मीभूत मासेही साधारण त्याच सुमाराचे, डायनोसॉरांच्या काळातले, लमेटा नावाच्या खडकथरातले. आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ साली त्यांचं वर्णन केलं. मी रोज विष्णुसहस्रनाम म्हणते, आणि म्हणताना हे मासे आठवतात. मत्स्यावतारानं मनूला तारलं, सप्तर्षींना तारलं, बियाणं तारलं. मग या माशांना कोणी तारायचं? त्यांना पाहायला एकही माणूस नव्हता, तेव्हाही देव त्यांचा होताच ना? नसेल, तर माझं नामस्मरण पोकळ आहे. त्यांच्यातल्या ‘गार’ नावाच्या माशांचे भाऊबंद आजही अमेरिकेतल्या नद्यांत पोहतात. पण वंश टिकला म्हणजे तारलं, हे मला पटत नाही. चिखलात रुतलेल्या त्या एकट्या जिवाचं काय, हे मी विठ्ठलाला विचारतेच आहे.