जुनाच चार्जर चालते

"जुनाच चार्जर चालते, काही होत नाही." हे वाक्य मी वर्ध्याकडच्या सेलूतल्या माझ्या दुकानात तीन हंगाम बोललो. किती वेळा, ते मोजलेलं नाही. आता मोजायला बसलो आहे.

शेतकरी फवारणीचा बॅटरी पंप घेऊन यायचा. आतली शिशाची 12 बाय 8 (12 व्होल्ट, 8 अँपिअर-तास) बॅटरी बसलेली असायची. तशीच नवी टाकली तर दोन-सव्वादोन किलोचं ओझं. लिथियमची टाकली तर किलोच्या आत, आणि वर 12 बाय 12 छापलेलं. पाठीवर सोळा लिटर औषध घेऊन कपाशीच्या तासांतून दिवसभर फिरणाऱ्या माणसाला दीड किलो कमी होणं म्हणजे काय, हे वेगळं समजवावं लागत नसे. अडचण फक्त चार्जरची होती. नवा चार्जर घ्या म्हटलं की अडीचशे-तीनशे रुपये वाढत आणि गिऱ्हाईक समोरच्या दुकानाकडे पाहू लागे. मग मी ते वाक्य बोलत असे.

शिशाच्या बॅटरीचा चार्जर साधारण 14.4 व्होल्टपर्यंत चढतो. मी विकत होतो त्या पॅकमध्ये एकापुढे एक असे तीन सेल होते. एक सेल पूर्ण भरतो तो 4.2 व्होल्टला, म्हणजे तिन्ही मिळून 12.6. आता 14.4 ला तीननं भागायचं: एका सेलवर 4.8. मी आयटीआय केलेला माणूस, हा भागाकार मला तोंडी येतो. सेल असा अति भरला की आत लिथियम धातूच्या रूपात साचू लागतं, धन बाजूचा पदार्थ अस्थिर होतो, उष्णता वाढत जाते. 130 अंशांच्या आसपास दोन्ही टोकांना वेगळं ठेवणारा पातळ पडदा वितळतो आणि सेल आतल्या आत शॉर्ट होतो. आतलं द्रव पेट घेणारं असतं. हे होऊ नये म्हणून पॅकमध्ये बीएमएसची पाटी असते, ती वेळेत वीज तोडते. माझ्या मालात ती पाटी आहे की नाही, असली तर कशी आहे, हे मी कधी उघडून पाहिलं नाही.

लिथियममध्ये लोह-फॉस्फेटची एक जात असते. तिचे चार सेल ओळीत लावले की ते 14.6 व्होल्टला भरतात, आणि शिशाचा चार्जर त्यांना बराचसा जुळून जातो. म्हणजे माझं वाक्य एका जातीच्या बॅटरीबद्दल जवळपास खरं होतं, आणि मी ते दुसऱ्याच जातीची विकताना वापरत होतो. मनाला टोचणी लागली की मी त्या जवळपास-खऱ्याचा आधार घेत असे. निव्वळ खोटं बोललो असतो तर कदाचित लवकर अडखळलो असतो.

गेल्या पावसाळ्यात बोर धरणाकडच्या एका गावातला गिऱ्हाईक आला. हातात प्लास्टिकची पिशवी, आत फुगून काळी पडलेली बॅटरी. "घरात धूर झाला जी, राती दोन वाजता. पंप उचलून आंगनात फेकला." लेकराबाळांना काही झालं नव्हतं. हे ऐकल्यावर माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघाला, ते मला लिहायचंच आहे. मी विचारलं, "रातभर लावून ठेवली होती का?" तो म्हणाला, "हो." मी म्हणालो, "मंग, तेच तं." त्याचा चेहरा उतरला. आपलीच चूक झाली हे त्यानं निमूटपणे मान्य केलं आणि माझ्याकडूनच नवी घेतली. मी पन्नास रुपये कमी लावले, आणि आपण चांगलं वागलो असं त्या संध्याकाळी मला खरोखर वाटलं.

दुकान बंद केल्यावर मी ती जळकी बॅटरी कापली. प्रत्येक सेल 2000 मिलिअँपिअर-तासांचा धरला तर 12 बाय 12 साठी तीन गुणिले सहा, असे अठरा सेल लागतात. आत नऊ निघाले. एकाचं निळं वेष्टन अर्धवट वितळलं होतं, त्याखाली वेगळ्याच रंगाचं जुनं वेष्टन दिसत होतं. म्हणजे सेल आधी कुठं तरी वापरलेले. बीएमएसची पाटी होती, पण तिच्या तारा दोन टोकांनाच जोडलेल्या. मधल्या सेलवर काय चाललं आहे, ते तिला कळायला मार्गच नव्हता. मग नवी एक बॅटरी काट्यावर ठेवली. असा एक सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो, अठरांचे आठशेच्या वर व्हायला हवेत. डब्बा, तारा सगळं धरून पॅक पाचशेही भरला नाही. हा काटा माझ्या काउंटरवर वर्षानुवर्षं आहे. त्यावर मी लोकांच्या जुन्या शिशाच्या बॅटऱ्या भंगाराच्या भावानं तोलून घेतो, शंभर ग्रॅमही सोडत नाही. देताना कधी तोललं नव्हतं.

पॅकच्या वेष्टनावर भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) चिन्ह होतं, आयएस 16046 असं लिहिलेलं होतं, खाली आर आणि पुढे आठ आकडे. उचलून नेता येणाऱ्या उपकरणांतल्या लिथियम सेलना ही नोंदणी सक्तीची आहे. गिऱ्हाईक विचारे, "कंपनीची हाय ना जी?" मी त्या चिन्हावर बोट ठेवी. आठ आकडे बीआयएस केअर ॲपमध्ये टाकले की नोंदणी कोणाची, कोणत्या वस्तूची आणि चालू आहे की संपली, ते समोर येतं. त्या रात्री टाकले. नोंदणी खरी होती, पण दुसऱ्याच उत्पादकाची आणि मोबाइलच्या चार्जरची. ॲप मला नव्यानं घ्यावं लागलं नाही. मुलीच्या लग्नाचं सोनं वर्ध्याला घेतलं तेव्हापासून ते माझ्या फोनमध्ये आहे. तेव्हा सराफाच्या समोर बसून एकेका दागिन्याचा सहा अक्षरी हॉलमार्क क्रमांक मी त्यात टाकून पाहिला होता. माझं सोनं खरं आहे ना, याची मला काळजी होती.

त्या चिन्हामागे काय असतं, हेही मी नंतरच नीट वाचलं. सेल शॉर्ट करून पाहतात, मीटरभर उंचीवरून पाडतात, 130 अंशांपर्यंत तापवतात. पेट घेतो का, फुटतो का, एवढंच त्यात पाहायचं असतं. बॅटरी किती पंप मारेल, किती हंगाम टिकेल, हे ते चिन्ह सांगत नाही. गिऱ्हाईक मात्र नेहमी "किती चालते?" हेच विचारतं. "जळते का?" असं आजवर एकानंही मला विचारलं नाही. ते विचारायचं काम माल भरताना माझं होतं.

माझ्या गल्ल्यामागे ग्राहकाचं महत्त्व सांगणारी एक पाटी होती, गांधीजींच्या नावाची. अशी पाटी कितीतरी दुकानांत असते. माझ्या पाटीवर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: दक्षिण आफ्रिकेतलं भाषण, 1890. गांधीजी 1890 साली लंडनला शिकत होते, आफ्रिकेत ते 1893 साली गेले. सेवाग्राम माझ्यापासून जवळच आहे, वर्ध्याला जाताना पवनार ओलांडूनच जातो, आणि वीस वर्षं ती पाटी मी न तपासता डोक्यावर टांगून ठेवली. ती मी उतरवली आहे. भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिला आहे.

मला खरंच ठाऊक नव्हतं का, हा प्रश्न मी स्वतःला टाळून टाळून विचारतो. मार्च 2022 मध्ये पुण्याच्या लोहगावात रस्त्याकडेला उभ्या इलेक्ट्रिक स्कूटरनं पेट घेतला, तो व्हिडिओ मी दुकानात बसून पाहिला. पुढच्याच महिन्यात नाशिकला कंटेनरमधल्या नव्या स्कूटर जळाल्या. सप्टेंबरात वसईला घरात रात्री चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी फुटली आणि सात वर्षांचं लेकरू भाजून काही दिवसांनी गेलं. ती बातमी मी पेपरात दोनदा वाचली. त्याच वर्षी केंद्र सरकारनं गाड्यांच्या बॅटरीचे नियम डिसेंबरपासून कडक केले, तेव्हा मी मनाशी म्हणालो, ते गाड्यांचं आहे. सेल त्याच कुळातले, हे माहीत असून म्हणालो. 2017 साली शेजारच्या यवतमाळात फवारताना विषबाधेनं माणसं गेली, तेव्हा मी दुकानात मास्क आणि हातमोजे आणून ठेवले होते. टाकीतल्या औषधाची भीती मला कळली होती. तिच्या खाली, कमरेला टेकून जी पेटी मी बसवत होतो, तिचा विचार मी केला नाही.

याहून मोठा पुरावा माझ्या घरचा आहे. दुकान बंद करताना मी त्या बॅटऱ्यांच्या चार्जिंगचा बोर्ड रोज न चुकता बंद करत असे. घरी एक पंप आहे, तो मी कधी रात्री लावला नाही, आणि लावला तेव्हा ओसरीवर लावला. म्हणजे हाताला माहीत होतं.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं सदोष मालासाठी विक्रेत्यालाही जबाबदार धरता येतं. पण माझ्या गिऱ्हाइकाकडे दाखवायला पावती नाही, कारण मी ती देत नव्हतो. तो माल आता मी परत केला आहे, पैसे मिळाले नाहीत. विकलेल्याचं काय करायचं, हे मोठं होतं. वही काढली. रोखीनं नेणाऱ्यांची नावं कुठंच नाहीत. ज्यांच्याकडे माझे पैसे बाकी होते, तेवढेच मला सापडले: सतरा जण.

सतराही घरी मी जातो आहे. घोराड झालं, केळझरकडची दोन झाली, हिंगणीकडची उरली आहेत. बॅटरी परत घेतो, पैसे वळते करतो किंवा मोजून-उघडून तपासलेला पॅक आणि 12.6 चा चार्जर देतो. दारात मला पाहून बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: "बाकी मागाले आले का जी?" दोघांनी बॅटरी परत द्यायलाच नकार दिला. चांगली चालते म्हणाले. एका घरी ती सोयाबीनच्या पोत्यांना टेकवून चार्जिंगला लावलेली होती आणि शेजारी खाटेवर म्हातारी झोपली होती. मी आधी प्लग काढला, मग रामराम केला.

काल त्या बोरकडच्या घरी गेलो. मुद्दामच मागे ठेवलं होतं. त्याला सांगितलं, "त्या रात्रीची चूक तुमची नव्हती. माल खोटा होता अन् चार्जर चालते असं मी तुमाले सांगतलं होतं." त्यानं बराच वेळ पैशांकडे पाहिलंच नाही. मग म्हणाला, "पंप पोरानं लावला होता जी रातचा. तुम्ही म्हणाले म्हणून घरी येऊन मी त्याले मारलं होतं."

मुलगा दारात उभा होता. आठवी-नववीतला असेल. मी त्याला तेच सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.