उरलेले 37 टक्के

काठावर बसा. पाय इतक्यात पाण्यात सोडू नका, पाणी हललं की बघायचं ते दिसत नाही. सकाळचे सहा वाजायचेत, महिना मे, पूल पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीचा: पंधरा मीटर लांब, सात मीटर रुंद, सरासरी चार फूट खोल. ढोबळ हिशेबाने सव्वा लाख लिटर पाणी. कुंपणालगत गुलमोहोर आहे. बिल्डरच्या माहितीपत्रकातल्या चित्रात तो निळ्या पाण्यावर झुकलेला होता आणि फार देखणा दिसत होता. त्याच्याखाली जाळी घेऊन उभा राहणारा माणूस तेवढा चित्रात नव्हता.

पाण्यावर पडलेली एक पाकळी निवडा. एकच. तिच्यावर नजर ठेवा आणि तिला काहीही मदत करू नका.

आधी वाटेल, ती जागची हलत नाहीये. थोडा वेळ जाऊ द्या. श्वास जसा चाललाय तसा चालू द्या. आता बघा, सरकतेय. समोरच्या भिंतीत वीतभर रुंदीचं एक तोंड आहे, त्याला स्किमर म्हणतात, तिकडे चाललीय. त्या तोंडाशी एक झडप तरंगत असते. पाणी तिच्यावरून पातळ थराने आत पडतं, त्यामुळे सगळ्यात वरचं पाणी आधी ओढलं जातं. पान, किडा, धूळ, अंगाचं तेल हे सगळं आधी वरच असतं. भिजून जड व्हायच्या आत पाकळी त्या तोंडाशी पोचली, तर तिचं प्रकरण एका जाळीत मिटलं. नाही पोचली, तर ती बुडणार, तळाला कुजणार, तिचा चुरा होणार, शेवाळाला खाद्य मिळणार. मग तिच्यामागे ब्रश, व्हॅक्यूम, जास्तीचं क्लोरीन असा सगळा लवाजमा लागणार.

वारा कुठून येतोय ते गालाला कळतं का बघा. पावसाळ्यात आपल्याकडे तो पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो आणि पाण्यावरचा कचरा पूर्वेच्या काठाला नेऊन लावतो. स्किमर त्याच काठाला हवा. तो पश्चिमेला बसवला असेल, तर पंप एकीकडे ओढतो, वारा दुसरीकडे, आणि बहुतेक वेळा वारा जिंकतो. स्किमर इथेच का, असं विचारलं तर ‘पंपरूम या बाजूला होती’ एवढंच उत्तर मिळतं. आता भिंत तर फोडता येत नाही. पण गाळलेलं पाणी परत सोडणारी जी तोंडं भिंतीत असतात, ती फिरवता येतात. ती जरा वर करून स्किमरच्या दिशेला रोखली की पृष्ठभागावर एक मंद ओढ तयार होते. पाकळीला तेवढी पुरते.

पातळीचंही बघून घ्या. पाणी स्किमरच्या तोंडाच्या निम्म्यापर्यंत असावं, फार तर बोटभर वर. जुलैत दोन दिवस झड लागली की पातळी चढते, तोंड पुरतं बुडतं आणि झडप असून नसल्यासारखी होते. पंप चालू, बिल चालू, पानं वर मजेत फिरतायत. चार बोटं पाणी सोडून दिलं की स्किमर पुन्हा ओढू लागतो. एवढ्यासाठी नव्या पंपाची कोटेशनं मागवणाऱ्या कमिट्या मी पाहिल्या आहेत.

उठा. स्किमरचं झाकण उचला आणि आतली बास्केट वर काढा. संकोच करू नका, हात घाला. भिजून काळपट पडलेल्या पाकळ्या, एक केसांचा रबर, गुडघ्यावरून सुटलेली चिकटपट्टी, पंख पसरलेला एक पतंग, आणि या सगळ्याला एकत्र बांधणारे लांब केस. (2023 च्या ऑक्टोबरात दादरच्या महापालिकेच्या तरणतलावात मगरीचं पिल्लू सापडलं होतं, त्याला कुठलीच बास्केट पुरी पडणार नाही.) आता बास्केटच्या भोकांकडे बघा आणि गुलमोहोराच्या एका पर्णिकेकडे. तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी. ती आडवी आली तर अडकते, उभी आली तर निसटते. निसटलेल्या पुढे पंपाच्या तोंडच्या जाळीत साचतात आणि पंपाला पाणी कमी पडू लागतं. यावर स्वस्तातला उपाय म्हणजे बास्केटला घालायची नायलॉनची ताणणारी बारीक पिशवी. चुरा, परागकण, मेलेली चिलटं, सगळं तिच्यात राहतं. मात्र ती लवकर भरते. बास्केट दिवसातून एकदा रिकामी करत असाल, तर पिशवी दोनदा, मोहोर गळायच्या दिवसांत तीनदा. हे करणारं माणूस नसेल, तर पिशवी न लावलेली बरी.

तेल कुठल्याच जाळीत राहत नाही. पोरांना पोहायला पाठवताना डोक्यावर खोबरेल चोपडायची आपल्याकडे पद्धत आहे. क्लोरीनने केस राठ होऊ नयेत म्हणून आजी मनापासून जिरवते. त्यातलं काही टाइल्सवर पाण्याच्या रेषेला काळपट पट्टा होऊन बसतं, काही फिल्टरच्या वाळूत जातं. दाणे एकमेकांना चिकटतात, वाळूत गोळे होतात, आणि पाणी त्या गोळ्यांना बगल देऊन सोपी वाट काढतं. टाकीत वाळू असते, पंप फिरत असतो, पाणी मात्र न गाळताच परत येतं. कमिटीने कितीही नोटिसा लावल्या तरी आजी ऐकणार नाही. पोहायची टोपी आणि आधी साबण लावून शॉवर, एवढी तडजोड तिच्याशी होऊ शकते.

आता पंपरूममध्ये या. दार उघडंच ठेवा, आत क्लोरीनचे डबे आहेत. फायबरच्या त्या गोल टाकीवर तळहात ठेवा. आतली घरघर हाताला लागते. इथे जरा जास्त वेळ थांबायचं आहे.

टाकीत वाळू आहे, दाणा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. आपल्या डोक्याचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. 40 मायक्रॉनच्या खालचं डोळ्याला दिसणं अवघड. समजा, रस्त्यावरच्या धुळीचा 30 मायक्रॉनचा एक कण वरून या वाळूत शिरतोय. तुम्ही त्याच्याबरोबर चला. दाण्यादाण्यांमधली फट त्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद आहे. म्हणजे त्याला अडवणारं समोर काहीच नाही. पहिल्या थरातून तो सहज जातो. दुसऱ्यातूनही. वाट वळते, पुन्हा वळते, दर वळणाला तो एखाद्या दाण्याला घासतो. कुठेतरी पाण्याची ओढ कमी पडते, तो स्वतःच्या वजनाने एका दाण्याच्या खांद्यावर टेकतो आणि तिथे चिकटून बसतो. वाळूने त्याला पकडलं असं म्हणणं कठीण आहे. त्याला थांबायला असंख्य जागा मिळाल्या आणि त्यातल्या एकीवर तो थांबला.

पण पाणी घाईत असेल, तर टेकलेला कणही उखडतो आणि खाली निघून जातो. आपल्या पूलचं सगळं पाणी सहा तासांत एकदा फिरवायचं, तर ताशी 21 हजार लिटर या वाळूतून जायला हवं. टाकी तीन फूट व्यासाची असेल, तर पाण्याचा वेग ताशी 32 मीटरच्या घरात जातो. चार फुटी टाकीत तोच 18 वर येतो. सार्वजनिक पूलसाठी ताशी 25 मीटरच्या आतला वेग चांगला मानतात. पंप तोच, पाणी तेवढंच, टाकी फूटभर रुंद. गढूळपणाची तक्रार आली की आपल्याकडे आधी पंपाचा हॉर्सपॉवर वाढतो आणि पाणी होतं त्याहून गढूळ राहतं. उलट दिशेने विचार करून बघा. वेग बदलता येणारा पंप निम्म्या वेगाने चालवला, तर त्याला लागणारी शक्ती सुमारे आठव्या हिश्श्यावर येते. दुप्पट वेळ चालवला तरी विजेची युनिटं कागदावर चौथाईच भरतात. बॅकवॉशला मात्र पूर्ण वेग द्यावा लागतो, नाहीतर वाळू उचलली जात नाही.

बॅकवॉश म्हणजे पाणी उलटं, खालून वर सोडून साचलेला मळ गटारात काढून देणं. त्यात एक गंमत आहे, आणि पूलवाल्या दादांना ती पटवणं जड जातं. नुकती धुतलेली वाळू सगळ्यात वाईट गाळते. दाण्यांवर थोडा मळ बसला की फटी अरुंद होतात आणि पुढचे कण जास्त नेमाने अडकतात. त्यामुळे शिस्त म्हणून रोज सकाळी बॅकवॉश करणाऱ्या ठिकाणी पाणी कायम किंचित धुरकट दिसतं. शिवाय पाच मिनिटांना पावणेदोन हजार लिटर गटारात, तेही टँकरच्या दिवसांत. टाकीवरच्या दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा बघा. स्वच्छ वाळूवर तो जिथे होता तिथे मार्करने एक रेघ मारून ठेवा. तिथून 8 ते 10 पीएसआय चढला की वेळ झाली. काटा चढला नाही तरी आठवड्यात एकदा करावा, कारण गर्दीच्या पूलमध्ये वाळूत जंतूंचं बस्तान बसतं. मधले दिवस तिला तिचा मळ सांभाळू द्या.

30 मायक्रॉनच्या त्या कणाहून खूप बारीक कण वाळूच्याही हाती लागत नाहीत. तिथे तुरटी येते. पावसाळ्यात नदीचं लाल पाणी घागरीत भरून त्यात तुरटीचा खडा फिरवत, कुठे निवळीची बी उगाळून घालत. फिल्टरच्या आधी जे औषध सोडतात ते हेच काम करतं. सुटे कण एकमेकांना धरतात, वजनदार होतात आणि वाळूत थांबतात. फक्त ते थेंबाथेंबाने, पंप चालू असेपर्यंत सोडायचं असतं. सणासुदीच्या आदल्या रात्री किलोभर एकदम टाकण्याने वाळूच तुंबते.

घाईचं एक मोठं उदाहरण 2016 च्या रिओ ऑलिंपिकमधलं. डायव्हिंगचा पूल बघता बघता हिरवा पडला, मागोमाग शेजारचाही. चुकून हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं गेलं आणि त्याने क्लोरीन निकामी केलं, असा खुलासा आयोजकांनी केला. शेजारच्या पूलमध्ये सिंक्रोनाइज्ड स्विमिंग व्हायचं होतं, तिथे पाण्याखालचं दिसल्याशिवाय गुण देता येत नाहीत. गाळून निवळायला लागतो तेवढा वेळ हाताशी नव्हता. शेवटी लाखो लिटर पाणी काढून टाकलं आणि सरावाच्या पूलमधलं भरलं.

किती वेळ लागतो, हे आता काठावर परत येऊन शांतपणे मोजू. सव्वा लाख लिटर पाणी सहा तासांत फिल्टरमधून गेलं, म्हणजे सगळं गाळलं गेलं असं वाटतं. तसं होत नाही. गाळलेलं पाणी वेगळं ठेवलं जात नाही, ते न गाळलेल्यात येऊन मिसळतं. त्यातलं काही पुन्हा ओढलं जातं, आणि काही न गाळलेलं कोपऱ्यात तसंच फिरत राहतं. ताकाच्या पातेल्यातून एकेक वाटी काढून तितकंच पाणी घालत गेलात, तर पातेलंभर वाट्या झाल्या तरी पांढुरकेपणा जात नाही, तसंच हे. 1926 मध्ये गेज आणि बिडवेल या अभ्यासकांनी याचं गणित मांडलं. एका फेरीत 63 टक्के घाण जाते, 37 उरते. दुसऱ्या फेरीअखेर 86 जाते. तिसरीला 95, चौथीला 98. पुढे कितीही फेऱ्या करा, शंभर येत नाही. आणि ही सगळी गणितं पाण्यात नवीन कोणी उतरत नाही असं धरून. संध्याकाळी चाळीस पोरं उड्या मारतात तेव्हा आकडा पुन्हा मागे सरकतो.

त्या 37 टक्क्यांबरोबर थोडा वेळ बसा. सोसायटीच्या सभेत यावर माणसं चिडतात: एवढा मेंटेनन्स भरतो, पाणी शंभर टक्के स्वच्छ हवं. मला तो राग कळतो. पण खरा प्रश्न पंप किती तास चालतो हा आहे. रात्री नऊला पूल बंद, की वीज वाचवायला पंपही बंद, हा आपल्याकडचा सर्रास रिवाज. म्हणजे दिवसभराची घाण पाण्यात पडून झाल्यावर, कोणी पाणी ढवळत नसताना, अडवणारं यंत्र झोपलेलं. चौथी फेरी त्या रात्रीतच व्हायची असते.

काही गोष्टी मात्र फेऱ्यांनीही जात नाहीत. विरघळलेला घाम आणि लघवी वाळूला अदृश्य आहेत. क्लोरीन त्यांच्याशी जुळून जे बनतं, त्याचाच तो नाकाला झोंबणारा ‘पूलचा वास’. वास जास्त म्हणजे पाणी निर्जंतुक, हा समज उलटा आहे. त्यावर थोडं पाणी बदलत राहण्याला पर्याय नाही. दर पोहणाऱ्यामागे 30 लिटर ताजं पाणी, असा युरोपातल्या पूलचा ठोकताळा आहे.

आता उभे राहा आणि पूलच्या सगळ्यात खोल टोकाला जा. तळाशी एक जाळीदार झाकण असतं, मेन ड्रेनचं. काठावरून त्याच्याकडे बघा. रात्रभर जड कण खाली बसलेत, त्यामुळे हीच वेळ व्हॅक्यूम फिरवायची, पहिला माणूस पाण्यात उतरायच्या आधी, आणि सावकाश, नाहीतर बसलेलं पुन्हा उठतं. ते झालं की पुन्हा झाकणाकडे बघा. त्याच्या पट्ट्या वेगवेगळ्या मोजता आल्या पाहिजेत. तळाला गेलेलं मूल जीवरक्षकाला दिसेल की नाही, याची परीक्षा तीच. पट्ट्या मोजता येत नसतील, तर गेटला कुलूप लावा, सोसायटीच्या ग्रुपवर ‘आज पूल बंद’ एवढं टाका आणि पंप चालू ठेवा.